एकतीस नावांचं जोडपत्र

४ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र मिळालं. वाचून असा संताप आला की दोन दिवस पेन हातात घेतलं नाही, नाहीतर कागद फाटला असता. "डास मोजायला कायद्याची पदवी कशाला लागते?" म्हणे! मामीला विचार, तिला तरी पटतं का हे बोलणं.

तर ऐक. आमच्या आरोग्य खात्यात डास मोजणारे वेगळे आहेत. ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात आणि तुझ्या बार रूममधल्या निम्म्या लोकांपेक्षा सज्जन आहेत. ते जे मोजतात त्याचा कायद्यात टिकेल असा कागद मी करते. माझ्या एका बाजूला लशींचा फ्रीज आहे, त्यावर "यात जेवणाचे डबे ठेवू नयेत" अशी माझ्याच अक्षरातली पाटी आहे. दुसऱ्या बाजूला पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या. मधे मी आणि एक डुगडुगणारं टेबल. सहा महिन्यांत एका पोहण्याच्या तलावाला टाळं लावलं, वापरलेल्या सुया उघड्यावर टाकणाऱ्या एका दवाखान्याला वठणीवर आणलं आणि निरीक्षकांना तीन दिवस घसा कोरडा करून शिकवलं की पंचनाम्यात "बरीच घाण" असं लिहायचं नसतं, किती फूट लांब आणि किती फूट रुंद ते लिहायचं. तुझ्या चेंबरमध्ये बसून भाऊ-भाऊ भिंतीवरून कसे भांडतात ते ऐकण्यापेक्षा हे बरं. तुला राग येईल, येऊ दे.

आता कामाचं. इथे, म्हणजे ज्या शहरात तू वीस वर्षं वकिली केलीस तिथेच, एका शाळेच्या मागच्या गल्लीत जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायची भट्टी आहे. त्या गल्लीतल्या मुलांची पोटं दुखतात. वर्गात दोन मिनिटं धड बसत नाहीत. काल शिकवलेलं आज आठवत नाही. शाळेतल्या बाईंनी तीनदा लेखी कळवलं, तेव्हा आमच्या डॉक्टर मॅडमनी आईबापांची संमती घेऊन एकतीस मुलांचं रक्त तपासलं. एकतीसच्या एकतीस मुलांच्या रक्तात शिसं निघालं. शिशाचा निर्धोक असा आकडाच नसतो, आणि इथले काही आकडे तर मॅडमनी दोनदा तपासून घेतले. औषध आहे. पण भट्टी चालू असेपर्यंत औषधाचा उपयोग नाही. पोर घरी जाऊन पुन्हा तीच धूळ पोटात घेणार.

भट्टी बंद करायचा आदेश मला लिहायचाय. माझा पहिला मोठा आदेश. मसुदा सोबत आहे. तुला चिरफाड केल्याशिवाय राहवणार नाही हे माहीत आहे, तेव्हा कर एकदाची.

तुझी,
मिरची


९ फेब्रुवारी

मिरचे,

मामीला विचारलं. ती तुझ्या बाजूची निघाली. लग्न झाल्यापासून ती माझ्याविरुद्धच उभी राहते, त्यामुळे ती साक्ष मी जमेस धरत नाही.

मसुदा दोनदा वाचला. भाषा छान आहे, म्हणजे काळजीचं कारण आहे. "गल्लीतील एकतीस बालकांच्या रक्तात शिसे आढळले." कोण बालकं? कुणाची? समोरचा वकील उभा राहील, चष्मा पुसेल आणि अगदी गोड आवाजात विचारेल, महाराज, ही मुलं आहेत तरी का? की कुणीतरी टेबलावर बसून एकतीस आकडे लिहून काढलेत? आणि तू तिथे ओठ चावत बसशील. बिननावाचे अहवाल कोर्टात कसे फाडले जातात ते मला माहीत आहे. मी फाडलेत.

तेव्हा जोडपत्र लाव. मुलाचं नाव, वय, बापाचं नाव, घर क्रमांक, रक्तातला आकडा. सगळं. पुराव्याशिवाय कागद दाराबाहेर काढायचा नाही, हे तुला सातवीत असताना शिकवलं होतं, शेजारणीच्या मांजराच्या प्रकरणात. ते विसरलीस की डास मोजता मोजता उडून गेलं?

आणि हे मी मदत म्हणून लिहितोय, टोमणा म्हणून नव्हे. टोमणे वर मारून झाले.

मामा


२३ फेब्रुवारी

मामा,

सगळा सत्यानाश झाला. आणि तो मी केला.

तुझ्या सांगण्याप्रमाणे जोडपत्र लावलं. एकतीस नावं, एकतीस घर क्रमांक, एकतीस आकडे. मॅडमची सही झाली. आमच्या नियमात असं आहे की बंदीचा आदेश "सर्व जोडपत्रांसह जागेच्या दर्शनी भागी" चिकटवायचा. नियम मला तोंडपाठ आहे, मीच निरीक्षकांना शिकवते. निरीक्षक बिचारा गेला आणि त्याने खळ लावून पानन् पान भट्टीच्या निळ्या फाटकावर चिकटवलं. अकरा पानं. मला ते ऑफिसात बसून एकदाही सुचलं नाही, मामा. एकदाही! मी कोर्टाच्या डोळ्यांनी कागद बघत होते. तो गल्लीत कोण वाचेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुपारपर्यंत गल्लीभर झालं. भट्टीवाला, ज्याला तिथे सगळे शेठ म्हणतात, स्वतः यादी घेऊन उभा राहिला. ज्या कामगारांनी आपल्या पोरांचं रक्त तपासू दिलं होतं त्यांची नावं आता त्याच्यासमोर छापील होती, बापाच्या नावासकट. चौघांना तिथल्या तिथे घरी पाठवलं. दोन घरांना मालकांनी खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. शाळेत कुणा शहाण्या पालकाने "रक्तात काहीतरी निघालंय" एवढंच ऐकून बोंब मारली आणि नऊ पोरं शेवटच्या बाकावर वेगळी बसवली. शिसं काय खोकल्यासारखं पसरतं का रे? पण ऐकतो कोण.

परवा आया आमच्या ऑफिसात आल्या. एकीने माझ्या टेबलावर हात आपटला. म्हणाली, "आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवून सुई टोचू दिली, आणि तुम्ही आमच्या पोरांना फाटकाला चिकटवलंत?" एकोणीस जणींनी संमती मागे घेतल्याचं लिहून दिलं. दुसऱ्या तपासणीला कुणी यायला तयार नाही. सगळ्यात वाईट आकडा एका तीन वर्षांच्या पोराचा आहे. त्याला लगेच औषध सुरू व्हायला हवं, त्याची आई दारच उघडत नाही.

मॅडम मला ओरडल्या नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, "जोडपत्राची कल्पना कुणाची?" मी म्हटलं, माझी. तुझं नाव घेतलं नाही, कारण मसुदा माझा आणि अक्कलही माझीच गहाण पडली होती. पण मामा, तुझाही राग येतो आहे. खूप येतो आहे.

मिरची


२७ फेब्रुवारी

मिरचे,

झालं ते वाईट झालं. पण स्वतःला इतकं कोसू नकोस. नावं नसती तर आदेश एका तारखेत उडाला असता.

माझं ऐक. ती नोकरी सोड. हे प्रकरण दुसऱ्या कुणाला तरी दे आणि इकडे निघून ये. चेंबरमध्ये तुझी खुर्ची आहे, खिडकीजवळची. भट्टीचं प्रकरण लांबणार आणि त्यातून काही निघणार नाही. मी सांगतो ते डोळे मिटून ऐक, या एका वेळेला.

मामा


१८ मार्च

मामा,

"डोळे मिटून ऐक." वा! आता कळलं डोळे का मिटायचे होते ते.

तुझं ते चार ओळींचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, झालं, मामाला मी हरलेली बघून बरंच वाटतंय. इतकी मूर्ख मी. आता परवा कोर्टात काय झालं ते तुला सांगते, नीट बसून वाच.

शेठने आदेशाविरुद्ध दाद मागितली. आम्ही म्हटलं, फाटकावरची यादी ही आमची चूक, ती आम्ही मागे घेतो. मुलांना क्रमांक देतो, खरी नावं बंद पाकिटात फक्त न्यायाधीशांकडे देतो. मॅडमनी गल्लीत जाऊन दारोदार शब्द दिला होता की यापुढे नाव बाहेर जाणार नाही, तेव्हा कुठे बारा घरं आमच्याबरोबर टिकली होती. त्यावर शेठचा वकील उठला आणि त्याने एक जुना निकाल काढला. चौदा वर्षांपूर्वीचा. हीच भट्टी, हाच मालक, हीच गल्ली. तेव्हाच्या आरोग्याधिकाऱ्यांनी सव्वीस मुलांचं रक्त तपासलं होतं आणि क्रमांक लावून अहवाल दिला होता. आणि कोर्टाने तो फेकून दिला. निकालातलं वाक्य त्याने मोठ्याने वाचलं. "मालकातर्फे विद्वान वकिलांनी उपस्थित केलेला प्रश्न रास्त आहे, की ही मुले अस्तित्वात तरी आहेत काय? क्रमांकांना रक्त नसते."

मी मनात म्हटलं, कोण हा निर्दय माणूस? आणि प्रत हातात आली तेव्हा वर बघितलं. मालकातर्फे: तुझं नाव, मामा. पूर्ण नाव, पदव्यांसकट.

आदेशाला स्थगिती मिळाली. भट्टी त्याच संध्याकाळी पेटली. म्हणजे आता बघ आमची गत: नावं दिली तर गल्ली मरते आणि नावं झाकली तर तुझा निकाल आडवा येतो. दोन्ही दारं तूच लावलीस. पहिलं दार मामा म्हणून आणि दुसरं वकील म्हणून!

तुला माहीत होतं? मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हाच? हो किंवा नाही, एवढंच लिही. फिरवाफिरवी केलीस तर पत्र न वाचता परत पाठवीन.

मिरची


२४ मार्च

मिरचे,

हो.

शाळेच्या मागे बॅटऱ्यांची भट्टी त्या शहरात दुसरी नाही. तुझं पहिलं पत्र वाचतानाच ओळखली. आणि म्हणूनच नावं लावायला सांगितली. तो निकाल तुझ्या अंगावर येणार हे मला दिसत होतं. तुला त्यातून वाचवावं, पण तो निकाल माझा आहे हे तुला कळू नये, असं दोन्ही मला हवं होतं. कागद फाटकाला चिकटवतात हा तुमचा नियम मला माहीत नव्हता. कसा असणार? मी आरोग्य खात्यात कधी पाऊल ठेवलं नाही, फक्त त्याच्याविरुद्ध उभा राहिलो.

बाकी, ते प्रकरण. मी वकील होतो, बाई. अशील आला, मी उभा राहिलो. अहवालात भोक होतं, मी त्यात बोट घातलं. माझं कामच ते. खात्याने अपील करायला हवं होतं, मला वाटलं होतं की करतील. अपिलाच्या मुदतीचे साठही दिवस वाट बघितली मी. कुणी केलं नाही. यात माझा काय दोष? डॉक्टरांनी नावं द्यायला हवी होती. दिली नाहीत. संपलं.

तुला राग आलाय, तो येऊ दे. पण मला गुन्हेगार ठरवू नकोस. कायदा कसा चालतो ते तुलाही शिकवलंय.

मामा


२ एप्रिल

मामा,

परवा इथल्या विधी महाविद्यालयात मला भाषणाला बोलावलं होतं. फलकावर लिहिलं होतं, "कायद्याच्या पदवीधरांना सार्वजनिक आरोग्यातील संधी". शंभर पोरंपोरी वह्या उघडून बसलेली. आधी मी शहाण्यासारखं बोलले. खात्यात विधी अधिकारी लागतात, इस्पितळांना लागतात, रुग्णांच्या संघटनांना लागतात, साथीच्या वेळी नियम लिहायला लागतात. मग एका पोरीने विचारलं, "मॅडम, तिथे सगळ्यात जास्त काय उपयोगी पडतं?" मी म्हटलं, कोर्टात शिकलेलं निम्मं विसरता येणं. सगळे हसले. मला मात्र रडू येत होतं, आणि रागही येत होता.

तिथून तशीच मी गल्लीत गेले. आता मी रोज जाते, शिव्या खायला का होईना. त्या तीन वर्षांच्या पोराची आई शिवणकाम करते, गल्लीत तिला शिवणवाली म्हणतात. तिने पहिल्यांदाच दार उघडलं. मशीन खिडकीत, खिडकीला ओला पडदा लावलेला, तरी मशीनच्या पाट्यावर काळसर पूड बसते. बोट फिरवलं की रेघ उठते. पोर जमिनीवर बसून चिंध्या चोखत होतं. तिने त्याच्या तोंडातून चिंधी काढली आणि मला म्हणाली, "माझंही रक्त घेतलं होतं. मी नऊ वर्षांची होते. जाड चष्म्याचे डॉक्टर होते."

आता हे पुढचं वाच आणि मग मला सांग, संपलं का ते. ती म्हणाली, सुनावणीच्या आदल्या दिवशी ते डॉक्टर तिच्या बापाकडे आले होते. म्हणाले, "काळजी करू नका. तुमची नावं मी बाहेर फोडणार नाही असा शब्द दिलाय, तो पाळतोय. फक्त समोरच्या वकिलांना एकट्यांना यादी नेऊन दिली. मुलं खरी आहेत हे त्यांनी डोळ्यांनी बघावं म्हणून. माणूस भला आहे, तो मालकाला समजावेल."

माणूस भला आहे! मामा, ते डॉक्टर आता हयात नाहीत. त्यांची बदली झाली, मग आजारी पडले, मग गेले. दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून ते कोर्टात गप्प बसले. आणि तुझ्याकडे यादी होती. सव्वीस पोरांची नावं तू वाचलीस आणि मग उभा राहून विचारलंस, ही मुलं आहेत तरी का!

शिवणवाली त्या यादीत आहे. आता तेवीस वर्षांची आहे, स्वतःच्या नावाची स्वतः मालकीण. मला म्हणाली, "माझं नाव लावा, माझं रक्त पुन्हा तपासा. पोराचं नाव लावू देणार नाही." पण जुन्या अहवालातला कुठला क्रमांक तिचा, हे फक्त त्या यादीवरून कळेल. ती यादी आली तर तुझ्या त्या निकालाचा पायाच निसटतो. कोर्टाला क्रमांक आणि बंद पाकीट मान्य करावं लागेल. भट्टी बंद होईल. पोराला औषध सुरू होईल. एवढंच अडलंय.

ती यादी अशिलाने दिलेली नाही, समोरच्या पक्षाने दिली होती, तेव्हा अशिलाचं गुपित वगैरे मला सांगू नकोस. यादी पाठव.

मिरची


७ एप्रिल

मिरचे,

ती यादी माझ्याकडे नाही. चौदा वर्षांत दोनदा चेंबर बदललं, कागद इकडचे तिकडे झाले.

आणि समजा असती, तर काय होईल याचा विचार केलास? यादी हातात असताना मी कोर्टाची दिशाभूल केली असं होईल. सनद जाईल. बेचाळीस वर्षांचं नाव जाईल. आयुष्यात दुसरं काही मी केलं नाही, मला दुसरं काही येतही नाही. या वयात लोक माझ्याकडे बोट दाखवून काय म्हणतील? तुझ्या मामीला बाजारात कुणी विचारलं तर तिने काय सांगायचं?

तू हुशार आहेस, दुसरा मार्ग शोध. मला यातून वगळ.

मामा


१० एप्रिल

मिरचे, बाळा,

मी पत्रं लिहीत नाही, तुला माहीत आहे. तुम्ही दोघं एकमेकांना लिहिता आणि मी तिकीट लावते. पण तुझी पत्रं तो टेबलावर उघडी ठेवतो, आणि मला वाचता येतं.

तो तुझ्याशी खोटं बोलला. चेंबर दोनदा बदललं, दोन्ही वेळा कागद मी बांधले. ती फाइल त्याने कधी चेंबरमध्ये ठेवलीच नाही. घरच्या लोखंडी कपाटात आहे, माझ्या साड्यांच्या खालच्या कप्प्यात. मी एकदा विचारलं होतं की ही इथे का, तर माझ्यावर खेकसला. तेव्हाच समजायला हवं होतं मला. इतकी वर्षं त्या कप्प्यातून साड्या काढल्या आणि विचारलं नाही, त्याची आता मलाच लाज वाटते.

आज सकाळी तो समोर पेपर वाचत बसला होता. मी त्याच्यासमोरून किल्ली घेतली, कपाट उघडलं, फाइल काढली. कपाट किती करकरतं तुला ठाऊक आहे. त्याला कळलं. त्याने पेपर जरा वर धरला, एवढंच. उठला नाही. आता त्याने दिलं म्हणायचं की मी घेतलं म्हणायचं, ते तुमच्या कायद्यात बघ. मला नाही समजत.

यादी सोबत पाठवते आहे. सव्वीस नावं आहेत, प्रत्येकापुढे वय आणि क्रमांक. खाली डॉक्टरांची सही आहे आणि त्यांनी एक ओळ लिहिली आहे, "फक्त आपल्या माहितीसाठी, विश्वासाने." मी ती ओळ वाचली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले.

बाजारात मला कुणी काही विचारलं तर मी काय सांगायचं ते माझं मी बघेन. त्याला म्हणावं, माझी काळजी करू नकोस.

पोराला औषध सुरू झालं की कळव.

मामी


१५ एप्रिल

मामा,

यादी मिळाली. शिवणवाली अकरा नंबरची आहे. तिला दाखवली तेव्हा तिने स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि खालची नावं एकेक वाचत गेली. यातले दोघं आता त्याच भट्टीवर काम करतात, म्हणाली.

पण यादी एकटी काही करू शकत नाही, हे तूच शिकवलंस. कागद स्वतःहून बोलत नाही. तो कुठून आला, कुणी दिला, कुणाच्या हातात होता, हे कुणीतरी उभं राहून शपथेवर सांगावं लागतं. डॉक्टर नाहीत. मामीने ती कपाटातून काढली, तिची साक्ष शेठचा वकील दोन मिनिटांत उडवेल. उरतं कोण?

समन्स सोबत आहे. साक्षीदार क्रमांक एक, तू. तारीख बावीस, सकाळी साडेदहा. मी तुझी भाची आहे हे मी कोर्टाला लेखी कळवलंय, त्यामुळे प्रश्न आमचे वकील विचारतील. पण लिहिलेत मी. खेळी म्हणून लपवत नाही, आधीच सांगते. यादी तुम्हाला कुणी दिली? त्यात किती नावं होती? ही मुलं अस्तित्वात आहेत काय असं तुम्ही कोर्टाला विचारलंत तेव्हा ती यादी तुमच्या कोटाच्या खिशात होती का?

सनद जाईल, मला माहीत आहे. ते लिहिताना मला वाईट वाटलं नाही असं खोटं सांगणार नाही. शाळेतून आणायला तूच यायचास, अशील ताटकळत ठेवून यायचास. माझी मान ताठ आहे ती तुझ्यामुळे. म्हणून तर इतका राग येतो, दुसऱ्या कुणाचा इतका आलाच नसता. मी केलेली चूक मी गल्लीत दारोदार जाऊन कबूल केली, एकतीस दारं. तुला एकाच पिंजऱ्यात उभं राहायचंय.

आला नाहीस तर कोर्ट वॉरंट काढेल आणि तो अर्जसुद्धा मीच लिहीन.

मिरची


१९ एप्रिल

मिरचे,

समन्स मिळालं. पोच सही करून परत पाठवतो आहे.

तिसरा प्रश्न चुकला आहे. यादी माझ्या कोटाच्या खिशात नव्हती. तू लिहिलायस तसा विचारला तर मी "नाही" म्हणेन, ते शपथेवर खरं असेल आणि मी सुटेन. बेचाळीस वर्षं मी लोकांना असाच सोडवत आलो आहे. तुमचे वकील पुढे काही विचारणार नाहीत, मी त्यांना ओळखतो.

यादी माझ्या हातात होती. अहवालाच्या खाली धरली होती. वरून तिसरं नाव एका चार वर्षांच्या मुलीचं होतं. ते वाचलं, मान वर केली आणि मग विचारलं.

प्रश्न दुरुस्त करून घे. मी दहा वाजताच येतो.

मामा